रोमच्या कवीला पलूसची श्रद्धांजली

मी लॅटिन शिकलेय, हे सगळ्या पलूसला माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सून काय करते असं कुणी विचारलं, की अभिमानानं म्हणायचे, "रोमच्या कवीवर पीएच.डी. करतीया."

कवी तसा किरकोळच. दोन हजार वर्षांपूर्वी त्यानं म्हणे ढीगभर लिहिलं, पण त्या लिखाणाच्या नकला उतरवून ठेवायचं कुणी मनावर घेतलं नाही. उरली दीड ओळ. तीही एका व्याकरणकारानं क्रियापदाचं विचित्र रूप दाखवायला उतरवून घेतली म्हणून.

सासऱ्यांनी वाचनालयात माझं व्याख्यान ठरवलं. फलकावर 'रोमचे कवी' ठळक आणि मी खाली बारीक अक्षरांत. सभागृह गच्च भरलं. अध्यक्ष हार घेऊन माझ्याजवळ आले.

"पाव्हणं कुठवर आल्यात?"

"कोण पाहुणे?"

"रोमचं कवी."

"अहो, ते वारले."

अध्यक्षांचा चेहरा पडला. मी पुढं काही बोलायच्या आत ते माईकपाशी पोचले होते. "लय वाईट बातमी हाय," ते म्हणाले, आणि सभा उभी राहिली. सासरे सावधान स्थितीत. मीही उभी राहिले. हसू आवरत नव्हतं, पण मान खाली असल्यामुळं निभावलं.

लोक बसल्यावर मी खरं काय ते सांगितलं. थोडी कुजबुज झाली. मग मागून एका शेतकऱ्यानं विचारलं, "ताई, मग त्यानं लिवलं काय व्हतं?"

"हरवलं सगळं. दीड ओळ आहे फक्त."

"मग तेवढीच म्हना की."

मी म्हणून दाखवली आणि अर्थ सांगितला. शेजाऱ्याचं कुत्रं भुंकत असतं, कवीला झोप येत नाही, शेवटी तो वैतागून उठतो आणि... तिथं ओळ तुटते.

"उठून काय करतो?"

"कुणालाच माहीत नाही."

हे कुणाला पटेना. एक म्हणाला दगड मारला असणार. दुसरा म्हणाला, शेजाऱ्याशी भांडला. पुढच्या रांगेतल्या बाईंचं मत पडलं की त्यानं कुत्र्याला भाकरी टाकली. वाद एवढा रंगला की माझं व्याख्यान राहूनच गेलं, आणि हार अध्यक्षांनी शेवटी माझ्याच गळ्यात घातला.

घरी येताना सासरे वाटेत थांबले.

"दगड न्हाई मारला," ते एकदम म्हणाले. "कवी मानूस. त्यो उठून कविता लिवत बसला आसंल."