मामींच्या हातचा सांधा

"आधी नळी, मगे डाख," असं म्हणून मामी स्वतःच्याच हातावर हलकी चापट मारायच्या. हात ऐकत नाही म्हणजे काय, असा त्यांचा एकूण आविर्भाव असे.

लालबागच्या चाळीत त्यांच्या आणि आमच्या खोलीत फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती. मामांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. आज परळला, उद्या दादरला, मामांचे कर्णे कुठे ना कुठे लागलेले असायचेच. इतरांचे माइक ऐन भाषणात घरघरत, मामांचे कधी नाही. कारण माइकपासून यंत्रापर्यंतची वायर ते घरी बनवत. "मामांचा हातच वेगळा," लोक म्हणत.

तो हात मामींचा होता, हे भिंतीमुळे फक्त मला ठाऊक होतं. मामांच्या दोन्ही हातांना कंप सुटला होता. सभेत ते यंत्रापाशी हात मागे बांधून रुबाबात उभे राहत आणि कळ फिरवायला एखाद्या स्वयंसेवकाला सांगत. लोकांना तो मोठेपणा वाटे.

मामी दुपारी चहाचं आधण उतरलं की त्याच स्टोव्हवर डाख द्यायची, म्हणजे कथील वितळवून तारा जोडायची सळई तापवत. डाखाला लागणाऱ्या राळेचा वास आमच्या खोलीत येई. वायरीच्या पोटात दोन तारा असतात. सांध्यात त्या एकमेकींना टेकल्या की माइक मुका. म्हणून सांध्यावर रबरी नळी हवी. मामी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणून तिचे तुकडे रॉकेलात भिजत घालायच्या. भिजून ती सैल होई. मग ती तारेवर ओवायची, डाख द्यायचा, सांधा गार झाला की नळी त्याच्यावर सरकवायची. उन्हात रॉकेल उडून गेलं की बाळंतिणीच्या पोटपट्ट्यासारखी ती आवळून बसे. फक्त ओवायची मात्र आधी. डाख दिल्यावर आठवण झाली तर सगळा सांधा उसवावा लागतो. मामीही विसरायच्या. मग स्वतःलाच मालवणीत अशा शिव्या घालायच्या की मी पोळी लाटायची थांबून ऐकत राही.

"मामी, एवढं तुम्ही करता आणि नाव मामांचं," मी एकदा म्हटलं.

"गप गो. माका काय कळता त्यातला? हात गेलो तरी ह्येंचा नाव जाऊक नको." कुणाला सांगणार नाही, अशी त्यांनी माझ्याकडून शपथच घेतली. घरातल्या माणसाची लाज राखण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. मला त्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची.

मग परळची ती सभा झाली. आम्ही दोघी दोरीपलीकडे बायकांत बसलो होतो. भाषण रंगलं होतं आणि आवाज एकदम बंद. गर्दीतून हातगाडी आत आली होती, तिच्या चाकाखाली वायर तुटली. लोक ओरडू लागले. मामांना तिथेच, सगळ्यांसमोर खाली बसावं लागलं. चहावाल्याच्या स्टोव्हवर सळई तापली. मामांनी मनगट गुडघ्यावर दाबून धरलं, कशाबशा तारा पिळल्या आणि सळई उचलली.

मामी माझं मनगट आवळून बघत होत्या. पुटपुटत होत्या. आणि एकदम उभ्याच राहिल्या.

"अवो, नळी!"

माणसं माना वळवून बघू लागली. मामींनी तोंडावर हात दाबला आणि मटकन खाली बसल्या. इतकी वर्षं जे झाकलं, ते त्यांच्याच तोंडून गेलं होतं.

मामांनी सळई खाली ठेवली. "माझ्यान होना नाय गो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तू ये."

मामी उठेनात. मी त्यांना अक्षरशः ढकललं. त्या गेल्या, पदर खोचला, कमरेच्या बटव्यातून सुपारीच्या खांडांसोबत नळीचे तुकडे काढले. विळीवर बसतात तशा बसून वायर पायाखाली धरली, मामांनी पिळलेल्या तारा सोडवल्या, थुंकी लावून नळ्या ओवल्या. जराशाने कर्णे खणखणीत वाजू लागले.

"मामा, हे मामींना येतं?" एका स्वयंसेवकानं विचारलं.

"सगळ्यो वायरी तिच्योच," मामा म्हणाले.

घरी येताना मामी माझ्या चार पावलं पुढे झपाझप चालत होत्या. रात्री भिंतीपलीकडून त्यांचं रडणं ऐकू आलं. "मियाच घालवलंय तुमचा नाव." मामांच्या हातांचं कळल्यावर एका मंडळानं पुढच्या सभेचं काम दुसऱ्याला दिलं, तेव्हा तर मामींनी जेवणच सोडलं.

आता दोघंही नाहीत, चाळही नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ मला लख्ख दिसते. मामा चहाची कपबशी घेऊन गॅलरीत आले. चारचौघांत त्यांना चहा पिताना आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते बाकड्यावर बसले. कप बशीवर खडखडत होता, चहा सदऱ्यावर सांडत होता, आणि ते जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारत सावकाश पीत होते. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. मग बाहेर आल्या, सगळ्या चाळीसमोर त्यांची हनुवटी पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "आणखी देऊ?"