रुपयाचा आवाज

वसंता गेल्याची बातमी मला सुलभाने, माझ्या बायकोने, हातात फोन तसाच धरून सांगितली. मी पेणच्या घरी ओसरीवर पेपर वाचत होतो. "वसंतभावजी गेले हो," ती म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठे गेला?" आता पाच आठवडे होऊन गेले, तरी तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो. रोह्याला, राहत्या घरी, सकाळचा चहा पिता पिता त्याची मान कलली. डॉक्टर येईपर्यंतही थांबला नाही. एरवी कुठेही जायचं तर तासभर आधी चपला घालून बसणारा माणूस, इथेही घाईच केली त्याने. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. कुणी कुणी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीबाही बोलत होतं आणि त्यातलं मला अक्षर कळत नव्हतं. दुःखाने होत असेल, असं मी धरून चाललो.

रोह्याच्या एका कारखान्यात आम्ही तिघांनी अख्खी नोकरी काढली. वसंता, मी आणि निडीचा पांडू. तिघंही कॉम्प्रेसरच्या खोलीत. त्या खोलीतल्या धडधडाटात बोलणं म्हणजे हातवारे. शिफ्ट सुटल्यावर घरी गेलो तरी आम्ही ओरडूनच भाजी मागायचो. कानात घालायला बोळे मिळायचे, नाही असं नाही. पण ते घालतो तो बायल्या, अशी आमची अक्कल. बोळे खिशात आणि कान उघडे. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आमचीच.

निवृत्तीनंतर पांडूचे कान गेले. आधी तो विनोदाला हसेनासा झाला, मग भलत्याच ठिकाणी हसायला लागला, मग आमच्यात येईनासाच झाला. आणि एका दुपारी शेतावर जाताना रूळ ओलांडत होता... गाडीवाल्याने म्हणे लांबूनच हॉर्न धरून ठेवला होता. गावातली माणसं घराबाहेर आली इतका मोठा. पांडूने मान वळवली नाही. तेव्हापासून मला कान जायची भीती बसली ती बसलीच. न्हाणीत नळ बंद केल्यावर शेवटचे थेंब ऐकू येतात का, ते मी बघायचो. भिंतीवरच्या घड्याळाशी कान नेऊन उभा राहायचो. कधी यायची टिकटिक, कधी आल्यासारखी वाटायची. सुलभा हळू बोलायला लागली आहे म्हणून तिच्यावर खेकसायचो. पण कानाच्या डॉक्टरचं नुसतं नाव काढलं तरी मी उठून अंगणात निघून जायचो. कळलंच नाही तर झालंच नाही, असला माझा हिशेब.

पांडूच्या दहाव्याहून परतताना वसंता म्हणाला, "मोहन्या, एकदा कान दाखवून ये. वाटलं तर मी येतो बरोबर."

"माझे कान शाबूत हायत. तू तुझे बघ," मी म्हटलं. त्यापुढे आणखी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन महिने आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मग एका रविवारी स्वारी पॅसेंजरने पेणला हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लांब दांडा आणि ताटलीएवढी तबकडी. त्याच्या जावयाने परदेशातून आणलेलं, जमिनीतला धातू शोधायचं यंत्र. मला पिशवी देत म्हणतो, "मला कानवाला माणूस पायजेल. माझ्या कानांत आता काय राम नाय. येतोस का?" खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्याच झाल्या. ज्याने मला कान दाखवून ये म्हटलं, तोच माझे कान मागायला आला होता! भांडण तिथेच मिटलं. सुलभाने दोघांना पोहे दिले.

पेणच्या पुढे खाडीला एक जुना धक्का आहे. एके काळी तिथे मिठाची गलबतं लागायची. आता धक्का कसला, चार दगड आणि त्यामागे पडीक जमीन. जागेच्या मालकाला वसंताने आधी विचारलं. काही जुनंपानं निघालं तर पहिलं तुला दाखवणार, आणि घबाड निघालं तर सरळ तहसील कचेरी, असं त्याला बजावून सांगितलं. मालक हसत म्हणाला, "घबाड निघालं तर मला झीट येईल, तुमीच जा कचेरीत." पण त्या जमिनीत घबाडाच्या आधी कचराच मूठमूठ होता. गलबतांचे गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची बुचं, सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद. यंत्र चालू केलं की कानात नुसता मासळीबाजार.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, लोखंडाचा आवाज बंद करून टाक ना, कटकट जाईल. वसंता खवळला. "तीच तर चूक करतात सगळे! लोखंड गप्प केलंस की खिळ्याच्या बाजूला पडलेला पैसापण मुका होतो. त्याला बोंबलू दे. बोंबलता बोंबलता मधेच वेगळं काय बोलतो ते ऐक." मोठी तबकडी काढून त्याने लहान बसवली, कारण मोठीखाली एका वेळी दहा खिळे येतात. आणि यंत्राची ताकद वाढवायची सोडून उलट कमी केली. घाण जमिनीत यंत्राने हाव धरली की ते उगाच किंचाळतं, म्हणायचा. मग मला शिकवलं, हात हळू फिरव, झाडू मारल्यासारखा नको. आवाज आला की तिथेच एकदा उभा फिरव, एकदा आडवा. दोन्हीकडून तोच आला तर पैसा. एकीकडून आला नि दुसरीकडून फाटला तर खिळा. लोखंड घरघरतं आणि चांदी भरदार घुमते, शंखासारखी, हेही त्यानेच शिकवलं. यंत्रावरच्या बटणांना मात्र मला हात लावू द्यायचा नाही. "सेटिंग माझं, कान तुझे," हा ठरलेला करार. मला त्याचा रागही यायचा. मी काय कुक्कुलं बाळ?

एकदा आम्ही खणत असताना मिठागरावरच्या चार बायका बांधावरून खाली आल्या. त्यातली म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय काढताव? धन?"

माझं पाणी पाणी झालं. गुप्तधन काढणारे म्हणून गावाने बदडलेली माणसं मी ऐकून होतो. वसंता आपला शांत. "नाय गो आये, जुने पैसे. भोकाचा पैसा, ढब्बू, असलं."

"त्या बाभळीपाशी नको जाव. तिथं भुताची राखण हाय."

"नाय जात," वसंता म्हणाला, आणि खरंच आम्ही सहा वर्षांत कधी त्या बाभळीपाशी गेलो नाही. म्हातारीच्या सुनेने नुकताच सापडलेला भोकाचा पैसा हातात घेऊन पदराने पुसला आणि भोकातून खाडी बघितली. बायका हसत निघून गेल्या. परत फिरताना मात्र रस्त्यावर माझ्या दंडाला असा हिसका बसला की मी गटाराच्या काठावर जाऊन पडलो. अगदी लागून टेम्पो गेला. वसंताचा चेहरा पांढराफटक. "हॉर्न..." एवढंच म्हणाला आणि मग म्हणाला, "नाय वाजवला मेल्याने." मी टेम्पोवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तिथून पुढे चालताना रस्त्याच्या बाजूला नेहमी वसंता असायचा.

मग एक दिवस बंदा रुपया सापडला. खिळ्यांच्या घरघरीत मला एकदम तो घुमणारा आवाज आला. उभा फिरवला, आला. आडवा, आला. वीतभर खाली, गंजलेल्या दोन खिळ्यांच्या मधोमध, राजाचं तोंड असलेला चांदीचा रुपया. मी लहान पोरासारखा नाचलो. आनंद रुपयाचा नव्हता; रुपया तर मालकाला दाखवायचाच होता. मला ऐकू आलं होतं! खिळ्यांच्या त्या गोंगाटातून मला चांदी ऐकू आली होती. "कोण म्हणतं रे माझे कान गेले?" मी वसंताला विचारलं. तो माती झटकत होता. "कोणी म्हटलं?" म्हणाला. मालकाने रुपया बघितला आणि तुमच्याकडेच ठेवा म्हणाला, आणि वसंताने तो मला दिला. त्या आठवड्यात मला छान झोप लागली. सहा वर्षं मी त्या यंत्राच्या जिवावर निर्धास्त होतो. ती भीती वर आली की मी वसंताला फोन लावायचो, आणि तो म्हणायचा, "रविवारी येतो."

तेराव्यानंतर त्याच्या मुलीने, शुभांगीने, यंत्र माझ्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. "मोहनकाका, पूर्ण रिसेट करून दिलंय. कंपनीतून आल्यासारखं आहे."

गेल्या सोमवारी मी ते काढलं. वसंता नसताना धक्क्यावर जायची छाती नव्हती, म्हणून म्हटलं घरीच बघू. एक खिळा ठेवला. घरघर आली, ओळखीची. मग तो रुपया ठेवला. काही नाही. तबकडी पुन्हा फिरवली. काही नाही. उभा, आडवा. मला वाटलं शुभांगीने बिघडवलं. मी फिरवतोय, फिरवतोय... तेवढ्यात सुलभा दोन्ही कानांवर हात दाबून स्वयंपाकघरातून धावत आली. तिचं तोंड हलताना दिसलं, नंतर शब्द आले. "अहो, बंद करा ते! केवढं किंचाळतंय! शेजारच्या मूर्तींच्या कारखान्यातली माणसं गणपती सोडून बघायला लागली."

मी रुपयाकडे बघत राहिलो. मग तिथेच जमिनीवर बसलो. सुलभाने शुभांगीला फोन लावला, मोठ्या आवाजावर. शुभांगी म्हणाली, "हो काका, मूळचा आवाज बारीक शिट्टीसारखाच आहे. बाबांनी तो खाली आणून जाडा केलेला. मी विचारलं तर म्हणाले, मोहनला एवढाच ऐकू येतो, आणि तो ऐकू आला की तो जरा सुखाने झोपतो." आणि म्हणाली, "बाबांचे कान अगदी चांगले होते, काका."

मला रडू आलं आणि संतापही आला. अरे गाढवा, दोन महिने बोललो नाही म्हणून काय झालं? बोलायचं होतंस पुन्हा. मी दुसऱ्यांदा भांडलो असतो, तिसऱ्यांदा डॉक्टरकडे आलो असतो. माझी भीती सांभाळत बसलास आणि मला तिच्याबरोबर एकटं टाकून गेलास. आता रस्त्याच्या बाजूने कोण चालणार?

काल मी पेणमधल्याच कानाच्या दवाखान्यात गेलो. सुलभा बरोबर होती, म्हणजे तिनेच दंडाला धरून नेलं. काचेची एवढीशी खोली, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. तिथली मुलगी तोंड मोठं करून म्हणाली, "काका, बारीकसा आवाज आला तरी दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही." पहिले काही आवाज जाडे होते. दाबले. अंगठ्याला घाम सुटला होता. मग काही येईना. मी डोळे मिटून घेतले, श्वास धरला, खिळ्यांच्या गर्दीत धरायचो तसा. आता येईल, आता येईल म्हणत बसलो. बराच वेळ झाला, म्हणून डोळे उघडले. मला वाटलं, मुलगी सुरू करायची विसरली. काचेपलीकडे सुलभा तोंडाला पदर लावून उभी होती, आणि ती मुलगी माझ्याकडे बघत आवाजाची कळ पुढे पुढे फिरवतच होती.