मामाजींचा वळसा

आमच्या तालुक्याच्या गावात, आणि मला वाटतं अख्ख्या वाशीम जिल्ह्यात, वाहतुकीचे सगळे नियम पाळणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझ्या घरात राहतो. हे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. तीस वर्षं ते एसटीत ड्रायव्हर होते. त्या तीस वर्षांत त्यांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगतात. दिवसभरात राहून गेलं तर रात्री जेवताना सांगतात. सासूबाई गेल्यावर ते एकुलत्या मुलीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले. तेव्हापासून आमचं घर डेपोच्या शिस्तीत चालतं. बाहेर निघताना ते चपला घालून उंबरठ्यापाशी उभे राहतात. बायकोनं आतून ताटलीवर चमचा दोनदा वाजवला की मगच पाऊल बाहेर पडतं. एकदा ती आंघोळीला गेली होती आणि मी फोनवर बोलत होतो, तर हे वीस मिनिटं दारात उभे. मी वैतागून म्हटलं, ‘‘मामाजी, जा ना आता.’’ तर म्हणाले, ‘‘जातो ना. पन डबल बेल कोन देईन?’’

माझ्या मोटरसायकलवर ते मागे बसतात, पण गाडी तेच चालवतात. ‘‘जावईबापू, दाबू नका, उतार हाये, सोडून द्या तिले,’’ असं कानाशी चालू असतं. उजवीकडे वळायचं असलं की माझा इंडिकेटर लागलेला असूनही त्यांचा हात खांद्यापासून सरळ बाहेर जातो. त्या हातानं एकदा एका बाईच्या डोक्यावरची टोपली गेली आणि अर्धा किलो वांगी मला चौकात वाकून गोळा करावी लागली. मामाजी खाली उतरले नाहीत. ‘‘म्या हात दाखोला होता,’’ एवढंच म्हणाले.

उलट्या बाजूनं येणारं वाहन दिसलं की ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहतात. मोटरसायकलवाला असो, सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर असो, त्याला वळवल्याशिवाय हटत नाहीत. एकदा तर त्यांनी वरात अडवली. मंगल कार्यालय जवळ पडतं म्हणून बँड, घोडा, पाहुणे, सगळे उलट्या बाजूनं चालले होते. नवरदेव माझ्या साहेबांचा पुतण्या, त्यामुळे मीही फेटा बांधून त्यात होतो. मामाजी दोन्ही हात पसरून समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘घोडं वळवा.’’

नवरदेवाचा मामा पुढे आला. ‘‘बाबा, मुहूर्त टळून राह्यला ना!’’

‘‘मंग अर्धा घंटा आंदी निंघायचं होतं. राँग साइडनं लगन लावता काय?’’

मी फेटा डोळ्यांवर ओढून घेतला. तेवढ्यात ते बोट दाखवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘माह्यावर इस्वास नसन तं इचारा आमच्या जावईबापूले. रस्त्याचे नकाशे तेच काढते!’’ घोडा वळला. त्यानंतर आठ दिवस साहेबांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आता नकाशांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. खरं म्हणजे ती टाळण्यासाठीच मी इतका वेळ चमचा आणि वांगी सांगत बसलो.

आमच्या घरापुढचा रस्ता पूर्वी अरुंद होता. आता तो चौपदरी सिमेंटचा झाला आहे. मधे कमरेएवढा डिव्हायडर, त्यात मरायला टेकलेली झुडपं आणि वर दिवे. रस्त्याच्या पलीकडे, आमच्या फाटकाच्या अगदी समोर, एका चाचांचं गाद्यांचं दुकान आहे. कधीकाळी ते डेपोत एसटीच्या सीटा शिवायचे, तेव्हापासूनची त्यांची आणि मामाजींची दोस्ती. मामाजी आमच्याकडे आले तसे रोज चार वेळा रस्ता ओलांडून चाचांकडे चहाला जायचे. डिव्हायडर झाला आणि मधला रस्ता बंद पडला. पलीकडे जायला कट ठेवला तो थेट पेट्रोल पंपासमोर, चांगला लांब.

गावाला त्याचं काही वाटलं नाही. दोन दिवसांत कुणीतरी डिव्हायडरच्या दोन्ही अंगांना सिमेंटचे ठोकळे लावले आणि पायरी तयार झाली. बाया चढतात, मास्तर चढतात, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस चढतो. चढत नाहीत ते फक्त मामाजी. पायी चालणाऱ्याला डिव्हायडर लागू नाही, हे मी त्यांना नाना परीनं समजावलं. ‘‘मंग कोनाले लागू हाये? झाडाले?’’ असं म्हणून ते समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी पेट्रोल पंपापर्यंत चालत जायचे आणि तेवढंच पलीकडून परत यायचे. चाचा गादीवर बसल्या बसल्या ओरडायचे, ‘‘अरे ड्रायवर, कूद जा ना! कौन देखता?’’ मामाजी इकडून ओरडायचे, ‘‘मी पाह्यतो ना!’’ हे सगळं भर रस्त्यावर, आमच्या दारात. मला लाज वाटायची आणि संताप यायचा. संताप यायचं खरं कारण मात्र वेगळं होतं.

या रस्त्याच्या आराखड्याचं काम ज्या खाजगी इंजिनिअरकडे आलं, तेच माझे साहेब. कट कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी लोक कुठून रस्ता ओलांडतात ते मोजायचं असतं. तीन दिवस, त्यातला एक बाजाराचा. आमच्या भागाची मोजणी माझ्याकडे होती. मी एका दुपारी तासभर उभा राहिलो. मे महिना होता, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. उरलेले आकडे मी हॉटेलात पंख्याखाली बसून भरले. आमच्या घरासमोरच्या रकान्यात लिहिलं, वर्दळ नगण्य. माझे स्वतःचे सासरे तिथून दिवसात आठ वेळा जातात-येतात, हे लिहिताना माझ्या मनात आलंसुद्धा नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामाजी त्या पंपाच्या वळणावर चक्कर येऊन पडले. एका ऑटोवाल्यानं घरी आणलं. तो सांगत होता, अर्धवट शुद्धीतसुद्धा यांनी मला उलट्या बाजूनं येऊ दिलं नाही. डॉक्टरांनी इतकं चालणं कायमचं बंद केलं. मग मामाजी फाटकापाशी खुर्ची टाकून बसू लागले. चाचा समोरून दोन कप उंच धरून दाखवायचे आणि दोन्ही स्वतःच प्यायचे. मामाजी हसायचे. मधून ट्रक गेला की बोलणं तुटायचं. मोटरसायकलवर बसवून नेतो म्हटलं तर म्हणाले, ‘‘रोज रोज तुमाले कायले तरास?’’ हळूहळू चाचांनी दुसरा कप दाखवणं बंद केलं.

अशाच एका संध्याकाळी मामाजी शेंगा फोडत बसले होते. मी शेजारी बसून म्हटलं, ‘‘मामाजी, कट कुठे ठेवायचा त्याची मोजणी माझ्याकडे होती. मी मोजलंच नाही.’’

त्यांनी एक शेंग फोडली. ‘‘काहून?’’

‘‘ऊन होतं.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले, ‘‘ऊन तं होतंच.’’ आणि पुढची शेंग घेतली. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण या माणसानं मला कधीही हवं ते वेळेवर दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी दोन खुर्च्या होत्या, एका खुर्चीवर वही आणि पेन. ‘‘बसा जावईबापू. मोजा.’’ मी तीन दिवस रजा टाकली. येणारा-जाणारा विचारायचा, साहेब, काय करून राह्यले? मी मान खाली घालून रेघा ओढत राहायचो. मामाजी शेजारून वसूल करून घ्यायचे, ‘‘ते लुगड्यावाली सुटली. लिवा. बकऱ्या धरल्या काय? आमचा कंडक्टर बकरीचंही तिकीट फाडे.’’

तिसरा दिवस बाजाराचा होता. वहीची पानं भरत होती. मी हळूच म्हटलं, ‘‘मामाजी, तुमच्या आठ खेपा धरतो रोजच्या.’’

‘‘मी इतून जातो काय?’’

‘‘नाही, पण तुम्हाला जायचं तर...’’

‘‘एकदा खोटं लिवलं, तेवढ्यानं पोट नाई भरलं?’’

तीन दिवसांत ते पहिल्यांदा असं बोलले. मी पेन खाली ठेवलं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो एकटाच माणूस खऱ्या मोजणीतही येत नव्हता.

बाजार उठायच्या वेळी समोरच्या दुकानापुढे गलका झाला. दोन हमालांनी हातांची बैठक करून चाचांना उचललं होतं. गुडघे गेल्यापासून चाचा दुकानाच्या ओट्यावरून खाली उतरत नाहीत. ते दोघांच्या मानेला धरून ओरडत होते, ‘‘आहिस्ता रे, गादी नहीं है मैं!’’ ठोकळ्यांवरून त्यांना डिव्हायडरवर चढवलं. झुडपांत उभं राहून ते धापा टाकत म्हणाले, ‘‘तू नहीं आता तो मैं आया, ड्रायवर. अब पकड़ मेरे को, गिरा रहे ये लोग!’’

मामाजी उठले. हा माणूस आता चाचांना परत पाठवतो की काय, म्हणून मीही उठलो. मामाजी रस्त्यात गेले, उजवीकडे हात करून एक टेम्पो थांबवला आणि डिव्हायडरपाशी जाऊन चाचांच्या काखेत खांदा दिला. वळून माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘‘लिवा. एक.’’

वहीतल्या आकड्यांचा कागद करून मी साहेबांपुढे ठेवला, जुन्या आकड्यांबद्दलही सांगितलं. त्यांनी खूप ऐकवलं, ते ऐकण्यासारखंच होतं. मग कागद पुढे गेला. मधे एक माणूस येऊन डिव्हायडर पाहून गेला. अजून काही झालेलं नाही. चाचांना रोज उचलून आणणं जमत नाही, आणि दोघांची वयं थांबून राहणारी नाहीत. म्हणून संध्याकाळी कामावरून आलो की मी मामाजींना गाडीवर बसवून पंपावरून चाचांकडे नेतो. आता ते तरास म्हणत नाहीत. ते दोघं जुन्या डेपोतल्या माणसांच्या गोष्टी काढतात, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. मी एका गादीच्या कडेला बसून माझा चहा पितो. तिथून आमचं घर समोरच दिसतं. बायको दोरीवरचे कपडे काढत असते, आणि तिच्या हातात कोणता कपडा आहे हेसुद्धा मला ओळखता येतं, इतकं ते जवळ आहे.