लिफ्टपर्यंतची अडतीस पावलं

वार मंगळवार, सकाळचे साडेदहा. ठरलेला वेळ वीस मिनिटं. हजर पाचजण: नवे परराष्ट्रमंत्री, त्यांचे सेक्रेटरी, प्रोटोकॉलच्या एक बाई, आमच्या अँबॅसडर मॅडम आणि मी. रक्कम शून्य, कारण अशा पहिल्या भेटीत काही मागायचं नसतं.

या भेटीला कर्टसी कॉल म्हणतात. नवा मंत्री आला की प्रत्येक देशाचा अँबॅसडर एकदा जाऊन ओळख करून घेतो. हवापाणी, क्रिकेट, दोन देशांची जुनी मैत्री, एक कप चहा, एक फोटो. तक्रारी पुढच्या भेटीत. मी तेव्हा एका छोट्या बेटावरच्या आपल्या दूतावासात कॉन्सुलर विभागात होतो. म्हणजे परदेशात कुणाचा पासपोर्ट हरवला, कुणी आजारी पडलं, कुणी अडकलं, तर ती फाइल माझ्या टेबलावर. भेटीत माझं काम नोट-टेकरचं. बोललेलं लिहून घ्यायचं.

"नोट-टेकरला कान असतात, जीभ नसते," मॅडम गाडीत म्हणाल्या.

"हो मॅडम. पण ते जहाज..."

"आज नाही. आजच विषय काढला तर हा माणूस मला आयुष्यभर टाळेल."

ते जहाज म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून उभी असलेली एक मालवाहू बोट. मालकाने बंदराचं भाडं थकवलं आणि फोन उचलणं बंद केलं. जहाज रिकामं सोडता येत नाही असा तिथला नियम. म्हणून बंदराच्या ऑफिसने खलाशांचे पासपोर्ट ठेवून घेतले आणि त्यांना जहाजावरच बसवलं. आपली माणसं सात. त्या मंगळवारी एकशे बारावा दिवस होता. मी रोज संध्याकाळी सहाला फोन लावून हजेरी घ्यायचो. एकेकाने आपलं नाव सांगायचं, मग जेवण काय, पाणी किती उरलं, कुणाला ताप आहे का.

सातांमधला संतोष पूर्णगडचा, जहाजावरचा खानसामा. त्याचे वडील भिकाजीकाका दर रविवारी पहिल्या एसटीने रत्नागिरीत आमच्या घरी यायचे. माझ्या मुलाच्या बारावीसाठी घरचे रत्नागिरीतच राहिले होते. बायको मला फोन लावून त्यांच्या हातात द्यायची.

"साहेब, पोराचा काय?"

"काका, प्रयत्न चालू आहेत."

"त्ये गेल्या आयतवारी पण चालूच व्हते."

मग मी त्यांना संतोषची कालची हजेरी वाचून दाखवायचो.

मंत्र्यांबद्दल आम्हाला फार कमी माहीत होतं. एका पानाचा बायोडेटा. आधी पाणीपुरवठा खातं, त्याआधी शाळेत भूगोल शिकवायचे. बेटावरच्या सगळ्या दूतावासांत तोच प्रश्न, माणूस कसा आहे? मलाही फार कुतूहल होतं. आमच्या आधी तिघांच्या भेटी झाल्या होत्या. मी त्या तिन्ही दूतावासांतल्या ओळखीच्यांना विचारलं. एकाने सांगितलं, गप्प आहे. दुसऱ्याने सांगितलं, फार बोलतो. तिसरा म्हणाला, चहा चांगला होता.

मंत्री निघाले उंच, किरकोळ. घड्याळ उजव्या हातात. मॅडम त्यांच्या उजवीकडे सोफ्यावर, मी शेवटच्या खुर्चीत. आठ मिनिटं पाण्याच्या टाक्यांवर गेली. त्यांच्याकडे पाऊस भरपूर आणि उन्हाळ्यात टँकर. आमच्या रत्नागिरीच्या कातळावरही तेच, हे मला सांगावंसं वाटलं, पण जीभ नव्हती. चार मिनिटं क्रिकेट. तीन मिनिटं शिष्यवृत्त्या. त्यांनी विचारलेले प्रश्न मी मोजत होतो: अकरा, आणि एकाही उत्तराच्या मध्ये ते बोलले नाहीत. जहाजाचा ज त्यांनीही काढला नाही. बाविसाव्या मिनिटाला मॅडम उठल्या.

आता एक गंमत सांगतो. मंत्री पाहुण्याला कुठपर्यंत सोडायला आला, हे आम्ही रिपोर्टमध्ये लिहितो. खोलीच्या दारापर्यंत म्हणजे नेहमीचं. लिफ्टपर्यंत म्हणजे बरं. गाडीपर्यंत आला तर दिल्लीतही ते वाक्य दोनदा वाचतात. आदल्या दिवशी मी मॅडमना म्हटलं होतं, "आमच्याकडे ओटीवर तासभर नारळ नि पाऊस बोलतात. कामाचं बोलतात ते निघताना, पायरीवर, चपला घालता घालता." मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "इथे चपला कुणी काढतच नाही."

मंत्री दारात थांबले नाहीत. ते आमच्याबरोबर चालत राहिले. मी मागून पावलं मोजत होतो. अडतीस. लिफ्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

"मॅडम, माझ्या बंदरात तुमचं एक दुखणं उभं आहे," ते म्हणाले. "खोलीत तुम्ही विषय काढला नाहीत, त्याबद्दल आभार. फाइल मी वाचलीय. जहाजावर आमचे पहारेकरी ठेवतो. तुमची सहा माणसं या आठवड्यात घरी जाऊ देत."

मॅडमचा चेहरा उजळला. "मी अत्यंत आभारी आहे."

लिफ्ट आली. दार उघडलं. मॅडम आत गेल्या.

"सात, सर," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं ते मला अजून आठवतं.

"माझ्या फाइलमध्ये सहा आहेत," मंत्री म्हणाले.

"फाइलमध्ये सहाच असतील, सर. सातवा संतोष. यादी झाली तेव्हा तो अपेंडिक्ससाठी तुमच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये होता. अकरा दिवसांनी परत जहाजावर गेला. त्याचं नाव यादीत परत चढलं नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"रोज हजेरी घेतो, सर. कालही सात होते."

सेक्रेटरी पुढे आले. "सर, सहाजणांच्या कागदावर बंदराची सही झालीय. सातव्यासाठी नवी फाइल करावी लागेल. दीडेक महिना..."

लिफ्टचं दार मिटायला लागलं. मंत्र्यांनी हात घालून ते अडवलं. लिफ्ट टी-टी करायला लागली. भूगोलाच्या मास्तरांनी ज्या नजरेने वर्गाकडे पाहिलं असेल, तसं त्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं.

"नवी फाइल कशाला? याच कागदावर सहा खोडा, सात लिहा. खोडलंय तिथे मी सही करतो." मग मला म्हणाले, "आडनाव सांगा." मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं.

लिफ्टमध्ये मॅडम समोर बघत म्हणाल्या, "सहा आले कुठून?"

"माझ्या पत्रातून, मॅडम."

"काय?"

"पहिलं पत्र मी लिहिलं, त्या दिवशी संतोष हॉस्पिटलात होता. जहाजावर किती माणसं, असं त्यांनी विचारलं होतं. त्या दिवशी जहाजावर सहाच होती. मी सहा लिहिलं. आकडा बरोबर होता."

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"तो परत चढल्यावर?"

"हॉस्पिटलने बंदराला कळवलं असेल असं धरून चाललो."

"तुम्ही? धरून चाललात?"

 संतोष ही तीन अक्षरं मी बंदराला वेळेवर कळवली असती, तर लिफ्टसमोर जीभ चालवायची वेळच आली नसती. आणि मंत्री दारातूनच परत फिरले असते, तर सहाजण विमानात बसल्यावर मला ते कळलं असतं. रविवारी भिकाजीकाकांना मी काय सांगणार होतो?

गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये सगळं लिहा. सहा कुणाचे, तेही."

"पहिल्या परिच्छेदातच घेतो."

"पहिल्यात नको. पहिल्यात अडतीस पावलं येऊ देत."

नवव्या दिवशी सातहीजण विमानात बसले. मी विमानतळावर हजेरी घेतली. संतोषचं नाव मुद्दाम पहिलं.

पुढच्या सुट्टीत मी रत्नागिरीला आलो. रविवारी भिकाजीकाका आले ते पिशवी घेऊन. आत बांगडे, ताजे, चांगले हातभर नाही तरी वीतभर. मी मोजले. सात.

"काका, सरकारी माणसाला काही घेता येत नाही. बाजारभावाने पैसे घ्या, नाहीतर पिशवी परत न्या."

"आता काय बोलायचा ह्या मान्साला," काका माझ्या बायकोला म्हणाले. तिने हात वर केले. एकवीस वर्षं तिने हेच ऐकलंय.

 काका उठून पायरीवर गेले, चपलेत पाय घालता घालता म्हणाले, "बरा, सहाचे द्या. सातवा मोजू नका. त्यो संतोसचा."

लिफ्टच्या त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. आकडा लिहिला की शेजारी तारीख लिहायची, आणि तारीख जुनी झाली की पुन्हा मोजायचं.

"काका, सहा लिहून एकदा फसलोय," मी म्हणालो.

बाजारात बांगडा तीस रुपयांना एक होता. भिकाजीकाकांना दिले दोनशे दहा.