पळायचा जोडा आणि पायाचं दुसरं बोट

ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात हिंगणघाटातल्या काही बाबू लोकांना पळण्याचा झटका आला, आणि त्यांत माझा नवरा होता. पळणं म्हणजे काय, तर दिवस उगवायच्या आधी घरून निघायचं, वणा नदीच्या पुलापर्यंत हात हलवत जायचं आणि पुलाजवळच्या टपरीवर चहा पीत पळण्याविषयी बोलायचं. बोलणं मात्र लांब पल्ल्याचं असे. रोज घालायला कोणता जोडा घ्यावा या एका प्रश्नावर त्यांनी सबंध थंडी काढली. माझी सासू म्हणायची, "चाय प्याले इतक्या दूर जाते हे लोकं. घरी काय दूध नासलं हाय का?"

या मंडळींचे गुरू म्हणजे कोर्टातले मोठे बाबू. कुठूनतरी एक जुनं विलायती मासिक त्यांच्या हाती लागलं होतं आणि तेव्हापासून ते माणसाच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघून बोलत. आमच्या ओसरीवर येऊन त्यांनी एकेकाला ओला पाय फरशीवर उमटवायला लावला. ठसा बघून ते मान हलवत आणि तळव्याची कमान उंच आहे की बसकी, ते सांगत. ज्याची कमान बसकी निघाली तो दिवसभर तोंड पाडून हिंडे. शाळेतल्या कवायतीचे पांढरे कॅनव्हासचे जोडे म्हणजे पायाचा सत्यानाश, नागपूरच्या सीताबर्डीतले महागडे रंगीत जोडे म्हणजे नुसता दिखावा, शहाण्याने मधल्या भावाचाच घ्यावा, असा त्यांचा निवाडा होता. तो देऊन ते नागपूरला गेले आणि तिथला सगळ्यांत महागडा जोडा घेऊन आले. वडनेरला एका लग्नाच्या पंगतीत मी तो त्यांच्या पायात पाहिला. पळताना कधी पाहिला नाही.

मला मात्र खरंच पळायचं होतं. कशासाठी, ते या बाबू लोकांनी मला फार वेळा विचारलं. वजन कमी करायचं का, डॉक्टरांनी सांगितलं का, शाळेत शिकवून पाय दुखत नाहीत का. मी रोहणा गावच्या शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून अनवाणी पळायचे आणि पळताना डोक्यातलं सगळं निवळायचं, एवढंच कारण होतं. लग्न झालं आणि ते बंद पडलं. त्या थंडीत एकदा गंमत म्हणून नवऱ्याबरोबर निघाले, पातळ वर खोचलं, पदर कमरेला गच्च बांधला आणि पुलापर्यंत थांबलेच नाही. मागून तो येतोय असं वाटलं होतं. तो टपरीवर होता.

मग मी त्या टोळक्याच्या आधी निघू लागले. पायात शाळेतले कवायतीचे जोडे. रस्त्याने जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग असायची, बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला असायचा आणि बैलांच्या नालांचे निखळलेले खिळे डांबरावर पडलेले असायचे. असा एक खिळा त्या पातळ तळातून वर आला तेव्हा कवायतीच्या जोड्याचा विषय संपला. टाचाही ठणकत होत्या. आता जाड तळाचा जोडा हवा होता. महागडा परवडणार नव्हता, म्हणजे मधल्या भावाचा. कोर्टातल्या बाबूंचं आणि माझं एकमत झालं ते एवढ्या एका बाबतीत, आणि मला त्याचा रागच आला.

नवऱ्याला घेऊन जोड्यांच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने आधी मला चपलांच्या फळीकडे धाडलं. बायांसाठी तिकडे आहे, म्हणाला. मला पळायचा जोडा हवाय म्हटल्यावर त्याने माझ्यामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, जणू काही पाय त्याचे होते. शेवटी पोरांच्या मालातून एक निळा जोडा निघाला. नायलॉनचा, जाड रबरी तळाचा, टाचेखाली स्पंजची पट्टी असलेला. पाय आत घातला आणि बोटाशी अडकला. माझ्या दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटात मामाने लग्नात घातलेली चांदीची जोडवी होती, आमच्याकडे घालतात तशी जाडजूड. टाच, तळ, कमान, नाड्या, सगळ्यांवर वर्षभर पुरेल एवढं ज्ञान आमच्या ओसरीवर सांडलं होतं. त्यात लग्न झालेल्या बाईच्या या बोटाला जागा नव्हती.

दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठा घ्या. मोठा घेतला तर टाच आत खालीवर होऊ लागली. तो म्हणाला, मागे कापूस भरा. हिंगणघाटात कापसाला काय तोटा. मी कापूस भरला आणि दहाएक दिवस तशी पळाले. टाचेला फोड आले. कापूस काढून मापाचा जोडा बदलून आणला, तर जोडवं बोटात रुतू लागलं. चिंधी गुंडाळली, ती सरकायची. डाव्या पायाचं नख काळं पडलं आणि मोज्याला रक्त लागू लागलं. असंच चाललं तर पळणं सोडावं लागणार, हे मला दिसत होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

नवऱ्याने आपल्या गुरूंना विचारलं. त्यांनी माझा ओला पाय उमटवून घेतला, फरशीवर जोडव्याचाही स्पष्ट ठसा उठला, तो ओलांडून त्यांची नजर कमानीवर गेली. कमान ठीक आहे, म्हणाले, पण बायकांच्या हाडांची ठेवण पळण्याची नसते. चपला घालून पुलापर्यंत फिरून यावं. पुलापलीकडे ते स्वतः कधी पायी गेले नव्हते.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सरळ म्हटलं, पळण्यापुरती जोडवी काढून ठेवते, आल्यावर घालीन. जो माणूस देवळात फक्त नारळाच्या खोबऱ्यासाठी जायचा, त्याचा चेहरा एकदम सोवळा झाला. नवरा जिवंत असताना जोडवी काढतात का, लोक काय म्हणतील, असं तो बोलत राहिला. आणि ते पुरेना म्हणून त्याने आईला पुढे केलं. "आईले चालन का हे?" तो म्हणाला. "माझं काई नाई."

त्याचं काही नव्हतंच. त्याचं कशातच काही नसे.

सासूशी माझं फारसं सूत नव्हतं. नवरा शाळेत होता तेव्हाच ती विधवा झाली होती, आणि तिच्या एकुलत्या एका मुलाच्या जिवासाठीच माझ्या बोटात ती चांदी होती. तिच्यापुढे हा विषय काढण्यापेक्षा पळणं सोडलेलं बरं, असं मी ठरवत आले होते. दुसऱ्या दिवशी माझा मोजा तिच्या हाती लागला. ती न्हाणीपाशी धुणं धूत होती. मोजा उलटा करून तिने पाहिला, पिळला, दोरीवर टाकला आणि मला हाक मारली.

"बोट दाखव."

मी पाय पुढे केला. तिने काळं नख पाहिलं, जोडव्याखालची सूज दाबून पाहिली. मला वाटलं, आता झालं. ती उठली आणि स्वयंपाकघरातून जवसाचं तेल घेऊन आली. बोटाला तेल चोळत जोडवं गोल फिरवू लागली. आई, हे काय करता, असं मी म्हटलं.

"त्याचं आयुष्य तुया बोटात असतं, तं माया नवऱ्याले काय झालं होतं?" ती मान वर न करता म्हणाली. "मी तं न्हातानाई काढले नोते कधी."

जोडवं निघालं. दुसऱ्या पायातलंही तिने तसंच फिरवून काढलं. बोटांभोवती पांढरी, मऊ कातडी उघडी पडली. सासू त्या कातडीवर अंगठा फिरवत बसली.

"ते गेले तवा बायांनी मले बसवून जोडवे काढले. साऱ्या रडून राह्यल्या होत्या. मीबी रडून राह्यली होती. आन मले पाय हलका वाटला." अंगठा तसाच फिरवत ती म्हणाली, "लाज वाटली मले त्याची. आजलोक कोणाले सांगतलं नाई. तू काऊन वाट पायतं? जित्त्या नवऱ्याची हायेस, आताच पळून घे."

तिने जोडवी पदराने पुसली, कमरेची तंबाखूची डबी काढली आणि तिच्यात टाकली. आल्यावर मागून घेजो, म्हणाली.

दुसऱ्या सकाळी मी पुलावर न थांबता जाम गावच्या रस्त्याने पुढे गेले. निळा जोडा पायाला असा बसला की तो आहे हेच विसरायला झालं. परत आले तर ओसरीवर सगळे बाबू जमलेले. माझा चेहरा बघून गुरूंनी मी उतरवलेला जोडा खाली वाकून तपासला, टाच दाबली, तळ वाकवून पाहिला. सगळी करामत या स्पंजच्या पट्टीची आहे, म्हणाले. हाच घ्या सगळ्यांनी, मी म्हटलंच होतं, मधल्या भावाचा. नवऱ्याने मान डोलावली. मोजे मी अजून काढले नव्हते, म्हणून माझी उघडी बोटं कोणाला दिसली नाहीत.

सासू चहा घेऊन आली. तिने एकेकापुढे कप ठेवले.

"हो ना," ती म्हणाली, "जोड्याचंच हाय सारं." आणि कमरेची डबी चाचपत मला आत बोलावून गेली.