पोशेऱ्याला गेलेला मेसेज

“खोटा नंबर पण कुणाचातरी खराच असतो ना, सर,” असं म्हणत ती कीबोर्डवरून दोन्ही हात उचलायची. जव्हारच्या आमच्या छोट्या ऑफिसात प्रोग्राम तपासायचं काम तिचं. चाचणीसाठी आम्ही मोबाईल नंबर म्हणून कुठलेही दहा आकडे बडवून मोकळे व्हायचो. ती मात्र पोशेऱ्याला, गावी राहणाऱ्या आपल्या भावाचा नंबर टाकायची. परक्याला कशाला ताप!

तुमच्याही ऑफिसात असं एक चिवट माणूस असेल. ती “सर, पडली,” एवढंच म्हणायची, की समजायचं, माझा प्रोग्राम टेस्टमध्ये आपटला. वर शेंगदाणे पुढं करायची. मी चिडायचो आणि शेंगदाणेही खायचो. आता ती येत नाही.

आमचा प्रोग्राम बाळंतपणासाठी दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचे मेसेज घरच्यांना पाठवायचा. निम्मा जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत, निम्मा पायथन या दुसऱ्या भाषेत, मधे दोघांना जोडणारा ब्रिज. चाचणीच्या वेळी चालू प्रोग्राममधला मेसेज पाठवणारा क्लास, म्हणजे तेवढं काम करणारा तुकडा, काढून तिथं नकली बसवायचा. नकली नुसता ‘पाठवला’ म्हणतो, पाठवत काही नाही. त्या दिवशी तिनं पायथनच्या बाजूनं नकली बसवला, टेस्ट पास झाली. पण ब्रिजच्या पलीकडे जावानं खरा क्लास आधीच धरून ठेवला होता. मेसेज भावाच्या मोबाईलवर खरोखरच गेला: ‘गाडी निघाली आहे. रस्त्यावर येऊन थांबा.’

नशीब तरी काय म्हणावं! त्याच सकाळी तिच्या वहिनीला कळा सुरू झाल्या होत्या. भावानं गाडीसाठी फोन केला होता, आणि भरवसा नको म्हणून मोखाड्याची जीपही थांबवली होती. मेसेज वाचून त्यानं जीप सोडून दिली. गाडी वेळेत आलीच नाही. बाळ गेलं.

काय झालं ते ऑफिसात उलगडलं तेव्हा मालक तिला म्हणाले, “घरी बोलू नकोस. कोण विचारतंय?” तिनं पिशवी उचलली. मला राहवेना, मीही सोबत पोशेऱ्याला गेलो.

भाऊ ओट्यावर बसला होता. मला बघून त्यानं मोबाईल पुढं केला. “सर, मेसेज तं आला व्हता. गाडी कुठं आडली असल?” आमच्यावर त्याचा रागसुद्धा नव्हता. मला तेच सोसेना.

ती उंबऱ्यातच थांबली होती.

“दादा, गाडी निघालीच नव्हती. तो मेसेज मी धाडला.”

भावानं तो मेसेज पुन्हा उघडून वाचला. आतून वहिनीचा बारीक आवाज आला, “कोनी धाडला म्हनतं?”