गडगडलं की वायर आधी

“दाम्या, वायर काढ!” मी ओरडले. त्याने नुसता हात वर केला, गप्प बस म्हणून. रेडिओ कानाला लावलेला, डोळे मिटलेले. रेडिओतून निघालेली वायर दुकानाच्या खिडकीतून कौलांवरच्या बांबूला गेली होती. परतीचा पाऊस होता आणि सूर्यमाळच्या डोंगरांच्या बाजूला वीज चमकत होती. वर ढगांत दामूची एकुलती एक पोर, सुनीता, दिल्लीहून मुंबईला निघालेल्या विमानात होती. मुंबईच्या पावसामुळे ते विमान उतरत नव्हतं. आमच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं.

दामू म्हणजे खोडाळ्याचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानाला लागूनच मी सुकी मासळी विकायची. एकदा त्याने एफएमचा रेडिओ खोलला, आतल्या तारेचे वेढे ताणले, आणि त्यावर विमानं चालवणारे बोलायला लागले. तेव्हापासून गिऱ्हाईक समोर उभं आणि ह्याचा कान आभाळात. नंबर ऐकून कुठलं विमान कुठे चाललंय ते सांगायचा. मग बाहेर येऊन बोट दाखवायचा, आणि तिथेच पांढरी रेघ उमटलेली असायची.

“आज दिल्लीवाल्यावर बाई बोलतेय, मावशे. बाई चालवतेय!”

“मग पोचेल वेळेवर,” मी म्हणायची. “तुझ्यासारखा चालवत असता तर गिऱ्हाईकं अजून दिल्लीतच बसली असती.”

त्याला ऐकू यायचं ते फक्त वरच्यांचं. मुंबईहून त्यांना काय उत्तर मिळतंय ते यायचं नाही, कारण मध्ये डोंगर आडवे. विमान खाली उतरायला लागलं की तेही डोंगराआड जायचं आणि आवाज तुटायचा. “वरचं आपलं, खालचं देवाचं,” असं तो म्हणायचा. आवाज तुटला की रेडिओ बंद करायचा, चहा मागवायचा. “गप्प झालं म्हणजे उतरलं.” इतकी वर्षं त्याचं कधी काही अडलं नाही.

दुसरं त्याचं बोलणं बाजारात पोराटोरांनाही पाठ होतं. “गडगडलं की वायर आधी, चप्पल नंतर.” गडगडताना वायर न काढल्याने जळलेला टीव्ही घेऊन कुणी आला की त्याला असा झाडायचा की माणूस परत यायला लाजायचा. मी म्हणायची, गिऱ्हाईकाशी असं बोलतात का रे? तर म्हणायचा, “टीव्ही जळला म्हणून बोलतो. माणूस जळला तर कुणाशी बोलू?”

बायको गेल्यावर सुनीताला त्यानेच वाढवलं. ती नर्स झाली. कामासाठी दिल्लीला गेली आणि येताना पहिल्यांदा विमानात बसली. नंबर तिने आधीच फोनवर सांगून ठेवला होता. दामू सकाळपासून दाढी करून बसला होता, जसं काही विमान दुकानासमोरच थांबणार होतं.

“काय म्हणतोय तो विमानवाला?” मी विचारलं.

“तेल कमी आहे म्हणतोय.”

“पेट्रोल संपलं?”

“रॉकेल असतं ते, मावशे. आपल्या रॉकेलपेक्षा जरा बरं.” हसायला गेला, पण तोंड वाकडं झालं.

वीज जवळ आली. कौलांना हादरा बसला. मी पुन्हा म्हटलं, वायर काढ. त्याने डोकं हलवलं. मग एकदम म्हणाला, “खाली बोलावलं! उतरतंय!” चालवणाऱ्याचा आवाज बारीक झाला, खरखरला, आणि तुटला. पुढे नुसती खरखर.

“झालं,” मी म्हटलं. “आता काढ वायर. गप्प झालं म्हणजे उतरलं, तूच म्हणतोस ना?”

“दुसऱ्यांच्या पोरींचं तसं, मावशे.”

डोंगर कुठे हलणार होते? आता काही ऐकू येणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी रेडिओ कानाला तसाच. मी वायरीकडे हात केला, तर त्याने मला ढकलून दाराशी लोटलं. “थोडं थांब. एक शब्द येऊ दे.”

मग सगळं पांढरं झालं. आवाज मला आठवत नाही. मी दाराबाहेर चिखलात पडले होते. बांबू उभा चिरला होता. दामू खुर्चीतच होता, पण तो दामू नव्हता.

अंधार पडायच्या आधी एसटीडीवाला धावत आला. सुनीताचा फोन होता. मीच गेले. “मावशी, बाबांना सांग, उतरले मी. त्यांनी ऐकलं असेलच ना?” डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन उजव्या कानाला धरला आणि तिला सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी बरी.

विमानातली सगळी माणसं धडधाकट उतरली. खाली दुकानात आम्ही दोघं होतो. मी वाचले.